चॉकलेट संपल्यावर उरणारी डबी : हातच्या चॉकलेटच्या वेष्टनाचा आढावा

हाताने बनवलेल्या चॉकलेटला शोभेल, चारचौघांत वेगळी दिसेल आणि चॉकलेट संपल्यावरही घरात कामाला येईल अशी डबी शोधणे हा महाराष्ट्रातल्या लहान चॉकलेट-उत्पादकांपुढचा नेहमीचा प्रश्न आहे. पुण्यामुंबईच्या घरगुती स्वयंपाकघरांत किंवा महाबळेश्वर-लोणावळ्याच्या दुकानांत तयार होणारे हे चॉकलेट दिवाळीच्या भेटीत, रुखवतात, बारशाला आणि मुंजीला दिले जाते. ते ज्या खोक्यातून जाते ते खोके मात्र बहुधा आठवड्याच्या आत रद्दीत जाते. सोनेरी कागद, चकचकीत फिती आणि पारदर्शक झाकण यांवर झालेला खर्च चॉकलेटच्या खर्चाच्या बरोबरीला येतो आणि कोणाच्याच उपयोगी पडत नाही. यावर उत्तर शोधताना आधी डबी पसंत करून मग तिच्यात चॉकलेट बसवण्याकडे कल असतो. खरे तर सुरुवात चॉकलेटच्या स्वभावापासून करावी लागते.

कोको बटर सहा निरनिराळ्या स्फटिकरूपांत गोठते. त्यांपैकी पाचवे रूप चॉकलेटला चमक, कडकडीत मोड आणि जिभेवर विरघळण्याचा गुण देते. टेंपरिंग, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानांना तापवणे-निववणे, करतात ते हे रूप मिळवण्यासाठी. त्याचा वितळणबिंदू 33 ते 34 अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. मे महिन्यात पुण्यात पारा 38-40 पर्यंत जातो, नागपुरात 45 च्या घरात. म्हणजे महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात बिनसावलीचे चॉकलेट आपल्या आकारात राहूच शकत नाही. वितळून पुन्हा गोठले की पृष्ठभागावर स्निग्धांशाचा पांढुरका थर येतो. फ्रिजमधून काढलेल्या उघड्या चॉकलेटवर दव धरते, त्यात साखर विरघळते, आणि पाणी उडून गेल्यावर खरबरीत पांढरे डाग उरतात. चॉकलेट हवाबंद पाकिटात असेल आणि ते पाकीट खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडले तर हा दुसरा दोष टळतो. साठवणीला 16 ते 20 अंश तापमान आणि कोरडी हवा उत्तम. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात हवा कोरडी मिळणेच अवघड, म्हणून तिथे सगळी भिस्त पाकिटाच्या सीलवर राहते.

बाजारातले पुष्कळसे घरगुती चॉकलेट कंपाउंडपासून होते. त्यात कोको बटरऐवजी दुसरा वनस्पतिजन्य स्निग्धांश असतो. टेंपरिंगची कटकट नाही आणि उन्हातही ते थोडे जास्त तग धरते, म्हणून घरी शिकणाऱ्याला ते सोयीचे वाटते. पण त्यातला स्निग्धांश पामच्या गराच्या तेलाचा असेल तर ओलाव्याने तो विघटित होऊन चॉकलेटला साबणासारखी चव येते. म्हणजे कंपाउंड वापरले म्हणून वेष्टनात ढिलाई चालते असे मुळीच नाही.

उष्णता आणि ओल यांचा विचार बहुतेक जण करतात. वासाचा फार थोडे करतात. कोको बटर आसपासचा वास झपाट्याने धरते. कापूर, अगरबत्ती, मसाला, डांबराच्या गोळ्या, ताजे व्हार्निश, छपाईची शाई, डिंक यांपैकी काहीही जवळ असले तर दोनतीन दिवसांत ते चवीत उतरते. हस्तकलेच्या देखण्या डब्या नेमक्या इथे मार खातात, कारण ज्या रंगाने, लाखेने किंवा लाकडाने डबी सुंदर झालेली असते त्याचाच वास आतल्या मालाला लागतो. त्यात किडीची भर पडते. धान्यातले पोरकिडे आणि पाखरांच्या अळ्या चॉकलेटमध्ये, विशेषतः काजू-बदामाच्या चॉकलेटमध्ये, हौसेने शिरतात. ऑक्टोबर 2003 मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाला कॅडबरीच्या डेअरी मिल्कमध्ये अळ्या आढळल्या आणि सणाच्या तोंडावर मोठा गदारोळ झाला. कंपनीचा भर साठवणुकीतल्या हलगर्जीपणावर होता. तरीही 2004 च्या सुरुवातीला तिने वेष्टन बदलले आणि नुसत्या घडी घातलेल्या कागदाच्या जागी उष्णतेने सील केलेले वेष्टन आणले. घरगुती चॉकलेट आजही चौकोनी रंगीत फॉइलमध्ये गुंडाळून टोके पिळून दिले जाते. फॉइल प्रकाश आणि वास उत्तम अडवते, पण पिळलेल्या टोकातून अळी जाते, हवाही जाते.

या सगळ्यातून एक गोष्ट पक्की होते. पुन्हा वापरायच्या वेष्टनाचे दोन स्वतंत्र थर हवेत. आतला थर चॉकलेटचा : फॉइल किंवा बहुपदरी फिल्मचे, उष्णतेने सील केलेले, लहानसे, एकदाच वापरायचे पाकीट. बाहेरचा थर घराचा : डबी, बरणी, बटवा, पेटी. राखणीचे काम आतल्या पाकिटाकडे गेले की बाहेरच्या डबीला हवाबंद असण्याची सक्ती उरत नाही, आणि निवडीला मोठा वाव मिळतो. सगळेच वेष्टन पुन्हा वापरता आले पाहिजे या हट्टापायी आतले पाकीट गाळून चॉकलेट थेट लाकडात किंवा कापडात ठेवणारे उत्पादक आहेत; त्यांचा हेतू चांगला असला तरी खराब झालेले चॉकलेट टाकून देणे हा पाकिटापेक्षा कितीतरी मोठा अपव्यय आहे. कुजणाऱ्या फिल्मही आता मिळतात. मात्र त्यांतल्या अनेक ओलावा कमी अडवतात, म्हणून महिनाभरात खपणाऱ्या मालालाच त्या ठीक.

चॉकलेटची डबी जपून ठेवण्याची चाल जुनी आहे. 1868 मध्ये रिचर्ड कॅडबरीने इंग्लंडमध्ये स्वतः काढलेल्या चित्रांच्या खोक्यांतून चॉकलेट विकायला सुरुवात केली. अशी सजवलेली खोकी पुढे पत्रे, फिती, गुंड्या ठेवायला वापरली गेली. 1900 साली व्हिक्टोरिया राणीने दक्षिण आफ्रिकेत लढणाऱ्या सैनिकांना पत्र्याच्या डब्यांतून चॉकलेट पाठवले. कॅडबरी, फ्राय आणि राउंट्री या क्वेकर पंथीय, म्हणजे युद्धविरोधी घराण्यांच्या कंपन्यांनी ते तयार केले. अनेक सैनिकांनी डबे घरी पाठवून दिले. त्यांतला एक 2021 मध्ये नॉरफोकमधल्या ऑक्सबर्ग हॉल या वाड्यात सापडला, आत चॉकलेट शाबूत! 1936 मध्ये निघालेल्या क्वालिटी स्ट्रीटचे रंगीत डबे ब्रिटनच्या घराघरांत शिवणाच्या सामानाचे झाले. भारतात हेच काम डॅनिश बटर कुकीजच्या निळ्या गोल डब्यांनी केले.

ते डबे का टिकले आणि आजची महागडी खोकी का टिकत नाहीत, याचे उत्तर बरेचसे मापात आहे. साच्यातल्या एका भरीव चॉकलेटचा तळ साधारण 25 ते 30 मिलिमीटर आणि उंची 15 ते 20 मिलिमीटर असते. नऊ नगांचे खोके म्हणून दहा-अकरा सेंटिमीटर चौरस आणि जेमतेम अडीच सेंटिमीटर खोल होते. एवढ्या उथळ खोक्यात घरात ठेवायला काही सापडत नाही : दोऱ्याचे रीळसुद्धा उभे राहत नाही. आठ चॉकलेटे चार-चारच्या दोन थरांत रचली तर डबी लहान चौरसाची पण पाच-सहा सेंटिमीटर खोल होते आणि लगेच कामाची ठरते. वड्यांची पट्टी आडवी ठेवण्याऐवजी उभी ठेवली की पेन-पेन्सिलींचा उंच डबा मिळतो. आतले कप्पे डबीला चिकटवलेले नसावेत, सहज उचलता यावेत. झाकण एका हाताने उघडणारे हवे. आणि डबीवर उत्पादकाचे नाव मोठ्या सोनेरी अक्षरांत नको. जाहिरात मिरवणारी डबी लोक कपाटाच्या मागच्या खणात टाकतात. डबीचे घरातले दुसरे काम कोणते, हे ती विकत घेण्याआधी ठरलेले असावे. ते ठरवता येत नसेल तर साधे पुठ्ठ्याचे खोके अधिक प्रामाणिक.

महाराष्ट्रात या विचाराला घरचा आधार आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण म्हणून छोटी उपयोगाची वस्तू द्यायची रीत घरोघर पाळली जाते : वाटी, डबी, गाळणे, करंडा. वाण मिळालेली वस्तू वर्षानुवर्षे वापरात राहते, कारण ती वस्तू म्हणूनच दिलेली असते. तिळगुळाचे किंवा तीळ-गुळाच्या प्रालिनचे चॉकलेट घातलेली डबी वाणात बरोबर बसते, आणि दिवाळीच्या कॉर्पोरेट ऑर्डरीपेक्षा ही बाजारपेठ घरगुती उत्पादकाच्या आवाक्यातली आहे.

साहित्यांत पहिला मान स्टेनलेस स्टीलला द्यायला हवा, जरी चॉकलेटवाल्यांच्या डोळ्यांसमोर ते सहसा येत नाही. स्टीलला वास नाही, गंज नाही, अन्नाशी प्रतिक्रिया नाही. ते धुता येते, पडले तर फुटत नाही, आणि कोणत्याही गावच्या भांड्यांच्या दुकानात डझनाने मिळते. आक्षेप एवढाच की स्टीलची डबी सगळ्यांकडे असते, मग तिच्यात वेगळेपण कुठले? त्याचे उत्तर त्याच दुकानात आहे. भांड्यावर नाव घालून देण्याचे छोटे यंत्र घेऊन बसलेला माणूस पिढ्यान्‌पिढ्या लग्नाच्या भांड्यांवर नावे आणि तारखा ठिपक्याठिपक्यांनी कोरत आला आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला बाळाचे नाव आणि बारशाची तारीख, किंवा रुखवतासाठी दोन्ही घरांची आडनावे कोरून दिली, तर ती डबी त्या घराची होते आणि फेकली जात नाही. छपाईच्या खोक्याला हजारभर नगांची मागणी लागते. इथे एका डबीचीही ऑर्डर घेतली जाते. डोळ्यांत भरणारी सजावट हवी असेल तर ती वरच्या कागदी पट्ट्यावर करावी.

पत्र्याचा डबा, म्हणजे टिनप्लेट, हा चॉकलेटचा जुना सोबती. तो हलका, देखणा आणि घरांत लाडका असतो. छापील डब्याला कारखाने मोठी संख्या मागतात, म्हणून लहान उत्पादकाने कोरा डबा घेऊन त्यावर पट्टा लावणे परवडते. आतून अन्नयोग्य लेप आहे का ते विचारून घ्यावे, आणि नुसते वर बसणारे झाकण हवाबंद नसते हे लक्षात ठेवावे. काचेची बरणी चॉकलेट लावलेले बदाम, हॉट चॉकलेटची पूड किंवा चॉकलेट-नट बटर यांना उत्तम. वड्यांना ती गैरसोयीची. काचेतून प्रकाश आत जातो आणि पांढरे चॉकलेट त्याने लवकर खवट होते. बरणीचे लेबल कोमट पाण्यात सुटेल अशा गोंदाचे असावे. चिकट राप उरलेली बरणी कोणी ओट्यावर ठेवत नाही.

लाकडाचा विषय निघाला की सावंतवाडीचे नाव येतेच. तिथल्या चितारी कारागिरांची लाकडी खेळणी, फळे आणि गंजिफा प्रसिद्ध आहेत. दशावतारी गंजिफाच्या संचात 120 गोल पत्ते असतात आणि ते ठेवायला रंगवलेली लाकडी पेटी. मरणपंथाला लागलेल्या या कलेला तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात कारागीर बसवून नवे आयुष्य दिले. सरकत्या झाकणाच्या चित्रित पेटीचे हे रूप चॉकलेटसाठी जणू तयारच आहे : खोली पुरेशी, झाकण निसटत नाही, आणि रिकामी पेटी दागिन्यांना, पत्त्यांना, कुंकवाच्या डब्यांना लागते. अडचणी तीन आहेत. ऑइलपेंट आणि व्हार्निशचा वास जायला आठवडे लागतात, त्यामुळे दिवाळीच्या पेट्या गणपतीच्या आधीच रंगून तयार हव्यात. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि सरकते झाकण अडकते, म्हणून खाचेत थोडी ढील ठेवायला सांगावे लागते. तिसरी गोष्ट दराची. हाताने रंगवलेल्या पेटीची किंमत आतल्या चॉकलेटपेक्षा जास्त होणे साहजिक आहे, आणि कारागिराशी घासाघीस करून ती खाली आणणे हा मार्ग नव्हे. अशी पेटी विकताना ती पेटी म्हणूनच विकावी, चॉकलेट तिच्यासोबत जाते असे धरावे. लेझरने कापलेल्या एमडीएफच्या डब्या याच कामासाठी स्वस्तात मिळतात. पण लाकडाच्या तंतूंना रेझिनने जोडून केलेल्या त्या पाटीला जळका, उग्र वास असतो, कडा ओलाव्याने फुगतात, आणि त्या लवकर निकामी होतात.

बुरुडांच्या परड्या, करंड्या आणि टोपल्या स्वस्त, हलक्या आणि सुंदर. मेळघाटात लवादा इथल्या संपूर्ण बांबू केंद्राने बांबूच्या वस्तूंना नवी बाजारपेठ मिळवून दिली आहे. बांबूत पिठूळ अंश असल्याने त्याला घुण लागतो. ते टाळायला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात तो भिजवतात. असा बांबू टिकाऊ होतो, पण अन्नाला त्याचा थेट स्पर्श नको. प्रक्रिया न केलेल्या बांबूतून चॉकलेट विकणे तर किडीला आमंत्रण आहे. परडीत सीलबंद पाकिटे ठेवून वर खणाचा तुकडा बांधला की भेट पूर्ण होते आणि परडी पुढे फुलांना लागते.

कापडाचा सगळ्यात मराठी नमुना म्हणजे चंची. पानसुपारीसाठी शिवलेली, अनेक कप्प्यांची, गुंडाळून दोरीने बांधायची ही पिशवी आज फारशी वापरात नाही. तिच्या एकेका कप्प्यात एकेक सीलबंद वडी बसते, आणि चॉकलेट संपल्यावर ती प्रवासात औषधे, चार्जर, शिवणाचे सामान यांना कामी येते. खण, इरकल किंवा शिंप्याकडे उरलेल्या तुकड्यांपासून ती बचत गटांना सहज शिवता येते. तिच्या मानाने सर्रास दिसणारा जरीचा बटवा घरात कमी वापरला जातो. कापड धक्का आणि ऊन अडवत नाही, कच्चा रंग ओल्या हाताला लागतो, म्हणून कापड आधी धुऊन घ्यावे. कुरियरने पाठवताना वर पुठ्ठ्याचे खोके लागतेच.

कागद टाकाऊच असतो असे नाही. पुण्याची हातकागद संस्था 1940 पासून सुती चिंध्यांपासून कागद करते. अशा जाड कागदाने मढवलेले कप्पा बोर्डाचे खोके वर्षानुवर्षे टिकते आणि पत्रांचे, फोटोंचे होते. चुंबकाचे झाकण टाळावे, कारण खोके शेवटी रद्दीत गेल्यावर चुंबक वेगळा काढता येत नाही. पुण्यातल्या तांबट आळीची मठारकामाची, म्हणजे हातोडीने ठोकून घडवलेली, तांब्याची डबी मोलाच्या भेटीला शोभते. कल्हई नसलेले तांबे अन्नाला लागू नये. कुंभाराच्या किंवा चिनीमातीच्या भांड्यात झिलईत शिसे नसल्याची खात्री हवी. सुपारीच्या विरीच्या (झावळीच्या रुंद देठाच्या) डब्या दिसायला सुरेख, पण एकदोनदा वापरून चिरतात, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2025 मध्ये विरीच्या ताटवाट्यांतून सुपारीतले अल्कलॉइड अन्नात उतरण्याबद्दल हरकत घेतली आहे. परदेशातल्या मराठी मंडळांना पाठवायच्या मालात त्या नकोत.

डबी कोणतीही असो, ती चॉकलेटला वास लावते की नाही हे घरी तपासता येते. चॉकलेट उद्योगात यासाठी रॉबिन्सन चाचणी नावाची पद्धत आहे. तिचे साधे रूप असे : किसलेले दुधाळ चॉकलेट वाटीत घालून बंद डबीत 24 ते 48 तास ठेवायचे, तेवढेच दुसरे स्वच्छ काचेच्या बरणीत ठेवायचे, आणि कोणते कुठले हे न सांगता तिघाचौघांना चाखायला द्यायचे. फरक ओळखू आला तर डबी आणखी उघड्या हवेत ठेवावी किंवा सोडून द्यावी. ही चाचणी शंभर डब्यांची ऑर्डर देण्याआधी एका नमुन्यावर करायची असते.

कायद्याचा भाग टाळता येत नाही. अन्नसुरक्षा आणि मानके (पॅकेजिंग) विनियम, 2018 प्रमाणे छापील पृष्ठभाग अन्नाला थेट लागता कामा नये, आणि अन्न वर्तमानपत्रात बांधणे निषिद्ध आहे. वेष्टनावर पदार्थाचे नाव, घटक, हिरवे किंवा तपकिरी चिन्ह, निव्वळ वजन, किंमत, तारखा, पत्ता, परवाना क्रमांक आणि दूध, सोया, काजू-बदाम, शेंगदाणे यांसारख्या ॲलर्जीकारक घटकांची सूचना लागते. हे सगळे डबीवर कोरले तर डबी वाया जाते. म्हणून ही माहिती कागदी कमरपट्ट्यावर छापावी आणि आतल्या पाकिटावरही द्यावी. पट्टा काढला की डबी कोरी. निव्वळ वजनात डबी धरायची नाही. मिठाईच्या खोक्यांभोवती गुंडाळली जाणारी प्लॅस्टिकची फिल्म 1 जुलै 2022 पासून देशभर बंद आहे, तरी भेटीच्या टोपल्यांवर ती अजून दिसते.

खरेदीसाठी मुंबईत क्रॉफर्ड मार्केटचा परिसर आणि पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी या नेहमीच्या जागा आहेत. तिथे थोड्या संख्येने कोऱ्या डब्या मिळतात, पण त्याच डब्या शेजारच्या उत्पादकाकडेही असतात. वेगळेपण हवे असेल तर कारागिराकडे सहा महिने आधी जावे, माप आणि नमुना ठरवून आगाऊ रक्कम द्यावी. पाठवणीचा खर्चही त्याच वेळी मोजावा. कुरियरवाले अनेकदा आकारमानाचे वजन धरतात; लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागले की किलो निघतात, आणि पोकळ मोठी परडी भरीव चॉकलेटपेक्षा महाग पडते.

ग्राहकाने रिकामी डबी परत आणून पुन्हा भरून न्यावी, हा पुनर्वापराचा पुढचा टप्पा. आरेच्या दुधाच्या बाटल्या आणि गोटी सोड्याच्या बाटल्या याच हिशेबावर फिरत होत्या. चॉकलेटच्या बाबतीत साहित्यानुसार नियम बदलतात. एकदा वापरलेला पत्र्याचा डबा अन्न भरण्यासाठी पुन्हा वापरण्यास 2018 च्या विनियमांत मनाई आहे. काचेच्या बाटल्या टिकाऊ आणि निर्जंतुक करता येण्याजोग्या असतील तर चालतात. घरात त्याच पत्र्याच्या डब्यात सुया-दोरे ठेवायला अर्थातच आडकाठी नाही. परतीच्या योजनेसाठी त्यामुळे स्टील आणि काच सोयीचे. डबी घेताना ठेव घ्यावी, परत आल्यावर ती पुढच्या बिलातून वजा करावी, डबी गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी, आणि प्रत्येक वेळी नवे सीलबंद पाकीट, नवा बॅच क्रमांक व नवी तारीख असलेला पट्टा लावून ती पुन्हा विक्रीला ठेवावी.